सगळे उतरले होते

१

दुपारी धुके उतरले की बल्गेरियाच्या डोंगरातल्या आमच्या येलोवोत गायदा वाजते. डोंगरावर कुणी असेल तर त्याने आवाजाच्या रोखाने खाली यावे, शेवटचा माणूस आला की वाजवणाऱ्याने गायदेची ती बोकडाच्या कातड्याची फुगीर पिशवी काखेतून काढावी आणि घरी जाऊन सूप प्यावे. मेंढपाळांच्या वेळेपासून हे असेच चालत आले आहे. आता मेंढ्या थोड्या उरल्या आणि रंगीत जाकिटे घालून कडे चढणारी शहरी माणसे वाढली, एवढाच फरक.

त्यामुळे प्लोव्हदिव्हहून आलेल्या बसमधून मी उतरले तेव्हा गायदा ऐकून मला काही वाटले नाही. वर कुणीतरी वाट चुकले असणार. कारंजापाशी नेहमीच्या बाकावर नेहमीची माणसे बसली होती. त्यांत आमचा सरपंच कितान. आम्ही शाळेत एका बाकावर होतो, आणि त्यानंतर आमचे कधीही पटले नाही.

"आली वाघीण!" तो म्हणाला. "या खेपेला कुणाची खुर्ची हलवायचीय?"

"तुझीच. लाकूडतोडीच्या बातमीनंतर अजून हलतेच आहे म्हणे. वर कोण अडकलंय?"

"कुणी नाही. सगळे उतरलेत."

"मग वेलिनकाका कशाला वाजवतायत?"

"सराव करतायत."

वेलिनकाकांनी माझ्या आईच्या लग्नात गायदा वाजवली होती. त्यांना सराव कशाचा? मी हसून बाकाकडे पाहिले. एकाने टोपी काढून आत पाहिले आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"सगळे उतरलेत, सेवदा," कितान पुन्हा म्हणाला. "मोजून घेतलेत."

मी मोजायला सांगितले नव्हते. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कुणी दोनदा देऊ लागला, की बातमी तिथेच पुरलेली असते. बॅग उचलली आणि भावाच्या घराकडे निघाले. गायदा थांबली नव्हती.

२

मला बोलावले होते वहिनीने. फोनवर फिदानका फार बोलत नाही, त्या दिवशी तर एवढेच म्हणाली, "ताई, जमलं तर ये. मानोलला एकदा बघून जा."

मानोल माझा धाकटा भाऊ. पर्यटकांना कोझा कड्यावर नेतो, संध्याकाळी त्यांना आपल्याच घरी जेवू घालतो, आणि जेवताना त्यांच्याशी वाद घालतो. बुटांवरून, राजकारणावरून, दह्यावरून. मी पोहोचले की दारातच माझी टर उडवायची, हा त्याचा नेम. "आल्या वृत्तपत्रातल्या बाई! लपवा रे सगळं!"

आज तो शेगडीजवळ बसला होता. तपकिरी लोकरी बंडी अंगात, हात गुडघ्यांवर. माझ्याकडे पाहून छान हसला.

"कसा आहेस?" मी विचारले.

"छान आहे."

"बरं नव्हतं का? दमलेला दिसतोस."

"हो, जरा दमलोय. बरं नव्हतं."

"डोंगरावर पडलास वगैरे का?"

"पडलो डोंगरावर. जरासा."

फिदानका ताटे मांडत होती. तिचा हात थांबला. "तू तर म्हणालास पडला नाहीस."

"नाही पडलो," मानोल म्हणाला. तेच हसू.

माझी उभी हयात मंत्र्यांच्या मुलाखती घेण्यात गेली. आपलेच शब्द पुसून परत हातात ठेवणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. पण तो हे मुद्दाम करतो, काहीतरी झाकायला. माझा भाऊ काय झाकत होता? आणि कुणाच्या सांगण्यावरून?

जेवताना बटाट्याचा पतात्निक समोर आला. मानोलने माझे ताट पाहिले, मी घेतला तेवढाच तुकडा घेतला, आणि मी घास घेतला की तोही घेऊ लागला. पहिल्यांदा मला ते प्रेमाचे वाटले.

झोपायला जाताना पाहिले, तर फिदानकाचे अंथरूण पाहुण्यांच्या खोलीत होते. खोलीला तिने आतून कडी लावली. तिच्या घरात आतून कडी लावताना मी तिला कधी पाहिले नव्हते.

३

सकाळी मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. महिन्यापूर्वी, धुक्याच्या पहिल्या दिवशी, मानोलने प्लोव्हदिव्हच्या एका गिर्यारोहक मंडळाला कड्यावर नेले होते. तो परत आला तो असा. मंडळाची प्रमुख गेर्गिना नावाची निवृत्त शिक्षिका. तिला फोन लावला.

"आम्ही सगळे सुखरूप आहोत हो," ती म्हणाली. "तुमच्या भावाची तर कमालच."

"कसली कमाल?"

"माझी काठी वर खिंडीत राहिली. तो म्हणाला, तुम्ही गायदेच्या आवाजाने सरळ उतरा, मी काठी घेऊन मागून येतो. मागे वळला आणि धुक्यात गेला. आम्ही खाली पोहोचलो, तर हा कारंजाच्या कठड्यावर आमच्या आधी बसलेला! कुठल्या वाटेने आला कोण जाणे."

"आणि काठी?"

"काठी नाही मिळाली. मी विचारलं, तर म्हणाला, नाही मिळाली."

खिंडीतून येलोवोला एकच वाट येते. डावीकडे कडा, उजवीकडे ओढ्याची घळ. मागे राहिलेला माणूस पुढच्यांना ओलांडल्याशिवाय आधी पोहोचू शकत नाही, आणि त्या वाटेवर ओलांडायचे तर खांद्याला खांदा घासतो.

म्हणजे पडला. घळीत पडला, डोक्याला मार लागला, कसाबसा घसरत आधी खाली आला. मेंदूला इजा झाली की माणूस असा पोपटासारखा बोलतो. आणि वाटाड्या पडला हे बाहेर कळले तर पर्यटक येणार नाहीत, म्हणून या गावाने एका आजारी माणसाला डॉक्टरकडे न नेता शेगडीपाशी बसवून ठेवले. माझ्या भावाला! मी तडक कितानच्या कचेरीत गेले.

"डॉक्टरला का दाखवलं नाही?"

"कुणाला?"

"नाव घेऊन सांगू? मानोलला!"

कितानने उठून आधी खिडकी लावली. बाहेर ऊन होते, धुक्याचा मागमूस नव्हता, तरी लावली. "हळू बोल."

"हळू? उद्याच्या अंकात मोठ्याने बोलीन. हंगाम वाचवायला माणूस मारताय तुम्ही."

"सेवदा, तुला वाटतं तसं नाहीये ते."

"मग कसं आहे ते सांग."

त्याने खिडकीची कडी पुन्हा एकदा दाबून पाहिली. लाच खाताना पकडलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे चेहरे चिडलेले असतात. हा चेहरा चिडलेला नव्हता. त्यामुळे मला अधिकच संशय आला.

४

मुलाखतीतली एक जुनी युक्ती आहे. समोरच्याला खात्रीच्या स्वरात एक खोटी गोष्ट सांगायची आणि तो काय करतो ते बघायचे. संध्याकाळी मानोलजवळ बसून मी म्हटले, "आठवतं, बाबांचा गिरणीपाशी पाय मोडला होता?"

आमच्या बाबांचा पाय कधीच मोडला नाही. आणि येलोवोत गिरणी नाही.

"आठवतं," तो म्हणाला. "गिरणीपाशी. पाय."

बिचारा, मी मनात म्हटले. स्मृतीच गेली. उद्या बसने स्मोल्यानच्या इस्पितळात न्यायचे, मग कितानकडे बघू.

सकाळी न्याहारीला दोन पाहुणे होते, जर्मन नवराबायको. त्यांना तोडकेमोडके बल्गेरियन येत होते. मी जिना उतरत असताना मानोलचा आवाज ऐकू आला.

"माझ्या बाबांचा पाय मोडला ना, गिरणीपाशी," तो सांगत होता, "तेव्हा चाकातून पाणी असं उडत होतं. बाबा ओरडले. ताई पळाली, मी नाही पळालो. मी तिथेच उभा राहून बघत होतो."

"अरेरे," जर्मन बाई म्हणाली.

"बराच वेळ बघत होतो," मानोल म्हणाला.

मी जिन्यावरच बसले. आजारी मेंदू रिकाम्या जागा भरतो, असे मी कुठेतरी वाचले होते. तेच असणार. तेच असले पाहिजे. पण जे कधी घडलेच नाही, त्यात हा उभा कुठून होता?

पाहुणे दुपारच्या बसने गेले. आम्ही गेलो नाही. मी मानोलला कोट आणून दिला, तेव्हा फिदानकाने माझा हात धरला आणि मला अंगणापलीकडे शेळ्यांच्या गोठ्यात ओढत नेले.

५

"त्याला बसमध्ये घालू नकोस," ती म्हणाली. "तो इथं आहे तोवर निदान माहीत तरी आहे की तो कुठं आहे."

"तो म्हणजे मानोलच ना? फिदानका, नीट बोल."

ती शेळीच्या अंगावर हात ठेवून उभी राहिली. "त्या दिवशी रस्सा गार होत होता. मंडळाची माणसं खिंडीतून दिसायला लागली होती आणि धुकं एकदम आलं. वेलिनकाका वाजवतच होते. पण मला धीर नव्हता गं. सकाळी भांडलो होतो आम्ही. मी गच्चीवर गेले आणि हाक मारली."

"नावाने?"

"नावाने."

आमच्याकडे धुक्यात डोंगराच्या दिशेने कुणाचे नाव घेत नाहीत. शिटी वाजवा, डबा बडवा, 'ई-हू' करून ओरडा, पण नाव नाही. लहानपणी यावरून मी आईचा मार खाल्ला आहे. गायदा म्हणूनच वाजवायची. तिच्यात नाव नसते, जो आपला असेल तोच तिच्या मागे येतो. हे आमच्या म्हाताऱ्यांचे म्हणणे. मी त्यावर एकदा खुसखुशीत लेखही लिहिला होता.

"आणि 'ओ' आली," फिदानका म्हणाली. "लगेच. खिंडीतून नाही, इथं जवळून, या गोठ्यामागून. मला बरं वाटलं. गावानं ऐकली माझी हाक, ताई. सगळ्यांनी ऐकली."

"हे बघ, त्याच्या डोक्याला मार लागलाय."

"त्याचं डोकं मी रोज पाहते. ओरखडासुद्धा नाही." ती रडत नव्हती. "शेळ्या दूध देत नाहीत. तो गोठ्यात आला की भिंतीला जाऊन चिकटतात."

मी तिला बरेच काही बोलले. शिकलेल्या बाईने असे बोलू नये, उपचाराला उशीर झाला तर त्याचे पाप कुणाच्या माथी, वगैरे. तिने शेळीपुढे गवत टाकले. मग म्हणाली, "मला नको पटवूस. वेलिनकाका रोज कुणासाठी वाजवतात, ते त्यांना विचार. आणि लवकर विचार. बर्फाचे दिवस आलेत. बर्फ पडलं की डोंगर बंद."

६

वेलिनकाका वाद घालत नाहीत. मी माझा सगळा राग त्यांच्या दारात ओतला, तेव्हा ते जाकीट चढवत होते.

"झालं बोलून?" ते म्हणाले. "मग चल. धुकं येतंय. वर जाऊन आपल्या कानांनी ऐक आणि मग छाप काय छापायचं ते. फक्त तोंड मिटून बसायचं, पोरी. तुला जमेल?"

"मला गप्प बसवायला मंत्र्यांना जमलं नाही."

"त्यांनी गायदा वाजवली नसेल."

गावावरच्या सपाट खडकावर आम्ही बसलो. धुके पाइनच्या झाडांमधून आले आणि आधी झाडे गेली, मग वाट, मग माझे बूट. काकांनी पिशवी फुगवली. गायदेचा तो खालचा, न तुटणारा सूर छातीच्या हाडांत घुमू लागला. बराच वेळ ते वाजवत राहिले. मग त्यांनी नळी ओठांतून काढली आणि बोट वर केले.

काही नाही. पाणी ठिबकल्याचा आवाज. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने आवाज आला.

"ई-हू..."

मध्येच फाटलेला. मिसरूड फुटताना मानोलचा आवाज असा फाटला तो कायमचा. अख्खे गाव त्याला फुटकी घागर म्हणायचे.

"पहिल्यांदा कड्यापलीकडून यायचा," काका माझ्या कानाशी पुटपुटले. "धुकं असलं आणि गायदा वाजली तरच त्याला वाट सुधरते. नाहीतर भोवऱ्यासारखा तिथंच फिरत राहतो बिचारा. पण आलाय आता. ओढा ओलांडला की झालं. आज नाही तर उद्या."

ध्वनिमुद्रण असेल, मी स्वतःला सांगितले. प्रतिध्वनी असेल. गावातले कुणीतरी लपून नक्कल करत असेल, माझी बातमी पाडायला. ही शेवटची शक्यता मी घट्ट धरून ठेवली. काका पुन्हा वाजवू लागले. थांबले. आता दगड घसरल्याचा आवाज आला, कुणीतरी धडपडले, आणि पाठोपाठ एक शिवी ऐकू आली. दगडाला, दगडाच्या आईला आणि त्या दगडावर वाट काढणाऱ्या सरकारला. ही शिवी आमच्या बाबांची. तिची नक्कल करायला गावात दुसरे कुणी उरलेले नाही. शिवीच्या शेवटी तो हुंदका गिळत होता.

महिनाभर! माझा भाऊ महिनाभर इथे, हाकेच्या अंतरावर, आणि मी खाली बसून कितानशी भांडत होते.

"मानोल!" मी ओरडले. "मानोल, इकडे! मी आलेय!"

काकांनी माझ्या तोंडावर हात दाबला, पण आवाज गेला होता.

ओढ्याकडून उत्तर आले. "ओ? ताई?" आश्चर्याने फाटलेला आवाज.

मग डावीकडून, पाइनमधून. "ओ? ताई?"

मग आमच्या वरून, जिथे नुसता कडा आहे तिथून. तेच दोन शब्द, तेच आश्चर्य, आवाज तसाच फाटलेला. मग आणखी मागून. मग खूप लांबून, घाईघाईने, उशीर झाल्यासारखा आणखी एक.

मग सगळीकडून पावले वाजू लागली. चुकीच्या दिशांना जाणारी, वळणारी, थांबणारी. सगळी आमचा अदमास घेत होती.

वेलिनकाकांनी गायदा मांडीवर ठेवली. हवेला बर्फाचा वास येत होता, तो आम्हा दोघांनाही कळला होता.

"आता मी कुणासाठी वाजवू?" ते म्हणाले.

नाही वाजवली तर तो रात्री गोठणार. वाजवली तर सगळे येणार. मी एवढाच विचार केला की त्या सगळ्यांत तो असेल, आणि माझा भाऊ मला ओळखू येईल.

"वाजवा," मी म्हटले.

"पोरी..."

"वाजवा, काका."

त्यांनी नळी तोंडात धरली. मी वाटेने घराकडे पळत सुटले.

७

दिवस मावळायला थोडा वेळ होता, पण खिडक्या धुक्याने पांढऱ्या झाल्या होत्या. गल्लीत कितान दारोदार फिरून सांगत होता, "कडी लावा, 'ओ' देऊ नका." माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

मी दाराला आतून कडी लावली आणि फिदानकाला सगळे सांगितले. ती चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. शेगडीजवळ तो बसला होता, हात गुडघ्यांवर. मी त्याच्याकडे पाठ केली नाही.

गायदा थांबली. थोड्या वेळाने पायरीवर बूट वाजले आणि दारावर थाप पडली.

"ताई. दार उघड."

मला प्रश्न विचारता येतात, तेवढेच येतात. पण प्रत्येक प्रश्नात थोडे उत्तर असते, ते मी कुणाच्या हाती देत होते? आईचे नाव विचारले तर आई होती हे कळेल. बाबांची शिवी तर त्या सगळ्यांनी ऐकली होती. मी दाराला कपाळ टेकून गप्प उभी राहिले. पलीकडचा श्वास ऐकू येत होता. तोही बोलत नव्हता. मग अचानक तो वैतागून म्हणाला,

"फिदे, अगं दूध उतू चाललंय! इथवर वास येतोय मला!"

फिदानका गर्रकन वळली. चुलीवर पातेल्यातले दूध फसफसून काठावरून खाली वाहत होते. सकाळी शेजारणीने दिलेले दूध, ते तापत ठेवल्याचे आम्ही दोघी विसरून गेलो होतो. दुधाचा शब्द कुणी काढला नव्हता.

"तोच आहे," फिदानका म्हणाली. तिचा चेहरा असा मी तिच्या लग्नानंतर पाहिला नव्हता. "ताई, तोच आहे, उघड!"

मी कडी काढली. ती निघत असतानाच कारंजाच्या बाजूने आवाज आला, "फिदे, अगं दूध उतू चाललंय!" मग गोठ्यामागून. मग छपराच्या बाजूने.

मला फरक पडत नव्हता. आधी कोण बोलले ते मी ऐकले होते. दार उघडताच धुक्यातून एक हात आला आणि मी तो पकडला. बर्फासारखा गार, नखे फुटलेली, पण हाडांची ठेवण माझ्या ओळखीची. मी ओढले. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत आला. त्याच्या खांद्यामागे पायऱ्यांवर तपकिरी बंड्या दिसत होत्या. एकीखाली एक, शिस्तीत, प्रसादाच्या भाकरीसाठी माणसे देवळात उभी राहतात तशा. चेहरे धुक्यात होते. कुणी पुढे रेटत नव्हते. ते वाट पाहत होते.

"आत ये, लवकर," मी त्याला म्हटले. आता फक्त तो आत यायला हवा होता आणि दार लागायला हवे होते.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. शेगडीजवळचा उठला होता. मी आल्यापासून कुणी काही विचारल्याशिवाय तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, दार हाताने पूर्ण मागे धरले, आणि पायऱ्यांकडे पाहून घरच्या यजमानाच्या मोकळ्या, प्रेमळ आवाजात म्हणाला,

"या ना आत. बाहेर का उभे?"